पडताळणी हवीच, पण तेवढ्यावर थांबू नका

अनेकांना वाटतं की विद्यापीठात भरणाऱ्या मुलांच्या शिबिरात शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी केली की मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न मिटला. पडताळणी हवीच, पण तिच्यावर एवढी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचंच बघा. तिथला फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्कीची १९९८ मध्ये एका मुलाशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून चौकशी झाली, पण त्याच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत. म्हणजे त्यानंतर कोणी पडताळणी केली असती, तर कागद कोराच निघाला असता. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, तरी क्रीडा संकुलात त्याचा मुक्त वावर सुरूच राहिला. २००१ मध्ये फुटबॉल संघाच्या एका साहाय्यकाने त्याला शॉवरमध्ये एका मुलाबरोबर पाहिलं. त्याने वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना, आणि पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. अटक व्हायला २०११ उजाडलं, २०१२ मध्ये तो मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत दोषी ठरला. मधल्या दहा वर्षांचा विचार करून आजही संताप येतो.

त्यामुळे माझा भर रोजच्या व्यवस्थेवर आहे. मूल आणि प्रौढ बंद खोलीत एकटे नकोत, शंका आली तर ज्याने पाहिलं त्यानेच थेट पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं. शाळकरी मुलांच्या विज्ञान शिबिरात मी मदत करते, तिथे प्रयोगशाळेच्या दारातल्या काचेवर कोणीतरी तक्ता चिकटवला होता. लावणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण बाहेरून आतलं काही दिसेना. मी तो लगेच काढायला लावला. संध्याकाळी पालक उशिरा येतात तेव्हा मागे उरलेल्या एखाद्या मुलाजवळ कोण थांबतं, हेही आयोजकांना जरूर विचारा.