डेस्ट्रेहानच्या घराची मजुरी

अनघा: मंडळी, काल न्यू ऑर्लिन्सजवळ, मिसिसिपीच्या काठी डेस्ट्रेहान मळ्यातलं जुनं घर पाहून आले. १७८७ ला काम सुरू झालं, १७९० ला संपलं. नलूआत्या, तिसरा फोटो मुद्दाम तुझ्यासाठी. एका जागी भिंत उघडी ठेवलीय. लाकडी खांबांच्या मधे चिखल आणि झाडांना लोंबणारं स्पॅनिश मॉस कालवून भरलंय. बुसियाज म्हणतात त्याला.

नलूआत्या: अगं, हा तर आपल्याकडचा कुड! आपण कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपायचो. पावसात टिकतो का तिकडे?

अनघा: टिकतो. वरून गिलावा आहे आणि छप्पर थेट रुंद व्हरांड्यापर्यंत उतरलंय. राहायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, खाली विटांचं बांधकाम. पुढचे जाडजूड पांढरे खांब नंतरचे, १८४० च्या सुमाराचे. मला त्याआधीचं साधं घरच जास्त आवडलं असतं.

बापूकाका: मळा उसाचा का?

अनघा: आधी निळीचा, मग उसाचा. नंतरचे मालक जाँ नोएल डेस्ट्रेहान यांच्या बहिणीचे यजमान एतिएन द बोरे. त्यांनी १७९५ ला लुईझियानात दाणेदार साखर काढून दाखवली आणि सगळा भाग उसाकडे वळला.

बापूकाका: तोडलेला ऊस थांबत नाही बाळ. तोड, गाळप, भट्टी, रात्रंदिवस चालू. ते कुणाच्या अंगावर पडलं असेल ते कळतं.

अनघा: गुलामांच्याच, काका. १८११ ला या भागातल्या गुलामांनी उठाव केला. पकडलेल्यांपैकी काहींवरचा खटला याच घरी चालला आणि निवाडा करणाऱ्यांत डेस्ट्रेहान स्वतः होते. मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर खांबांना लावली.

नलूआत्या: देवा! बांधलं कुणी हे घर?

अनघा: शार्ल पाके नावाच्या मिश्रवंशीय सुताराने. तो स्वतंत्र होता, गुलाम नव्हता. हाताखाली तेव्हाच्या, डेस्ट्रेहान यांच्या आधीच्या मालकाचे सहा गुलाम. करार अजून आहे. मजुरी अशी: एक गुलाम माणूस, एक गाय आणि तिचं वासरू, साळी, मका, आणि काम संपल्यावर १०० डॉलर.

रोहन: ताई, त्या माणसाचं नाव?

अनघा: करारात नाही रे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

बापूकाका: आपल्याकडे बलुत्याला धान्य द्यायचे, त्यामुळे साळी-मका कळतो. त्याच ओळीत माणूसही आहे, हे वाचवत नाही.

नलूआत्या: अनघा, रात्री फोन कर. आणि त्या भिंतीचा अजून जवळून काढलेला फोटो असेल तर पाठव. चिखलात बोटांचे ठसे दिसतात का बघायचंय.