दोन घोड्यांचा ट्रेलर विकायचा आहे

विषय: वापरलेला ट्रेलर (दोन घोड्यांचा) विकणे आहे

नमस्कार मंडळी,

आमचा घोड्यांचा ट्रेलर विकायचा आहे. बाहेर जाहिरात देण्याआधी मंडळात कुणाला हवा आहे का ते विचारते. घरात घोडा असलेली चार-पाच कुटुंबं तरी या यादीत आहेत, हे मला माहीत आहे.

दोन घोडे शेजारी-शेजारी, तोंड पुढे करून उभे राहतात असा सरळ प्रकारचा ट्रेलर आहे. मागे रॅम्प, मध्ये काढता येणारं पार्टिशन, छातीशी आणि पाठीमागे आडवे दांडे, पुढच्या बाजूला माणसाला बाहेर पडायला दार. सांगाडा लोखंडी, वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, तळ लाकडी फळ्यांचा आणि त्यावर जाड रबरी मॅट. आतली उंची 7 फूट, त्यामुळे 16 हँडच्या (एक हँड म्हणजे चार इंच, घोड्याच्या उंचीचं माप) घोड्याला मान अवघडून उभं राहावं लागत नाही. रिकामं वजन साधारण 1,100 किलो. ब्रेक इलेक्ट्रिक.

आमची तांबडी यात 11 वर्षं फिरली. आता ती 24 वर्षांची आहे, मागचे सांधे दुखतात, आणि तिला पुन्हा प्रवासाला न्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. ट्रेलर अंगणात नुसता उभा आहे. कुणाच्या तरी कामाला यावा असं वाटतं.

फोटो रविवारी काढते.

— तांबडीच्या घरची

---

उत्तर: वापरलेला ट्रेलर विकणे आहे

ताई,

मी बोट आणि दोन गाड्या विकल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. ट्रेलर आतून-बाहेरून प्रेशरने धुऊन घ्या, मॅट काळ्याभोर दिसल्या पाहिजेत, टायरला पॉलिश मारा आणि सकाळच्या उन्हात फोटो काढा. जाहिरातीत 'आहे त्या स्थितीत' एवढे तीन शब्द नक्की घाला. म्हणजे नंतर कुणी तक्रार घेऊन दारात येणार नाही. दुरुस्तीत पैसे घालू नका, ते वसूल होत नाहीत.

---

उत्तर: वापरलेला ट्रेलर विकणे आहे

बाळ,

फोटो काढायच्या आधी मॅट उचल. धुण्यासाठी नव्हे, खालचा तळ बघण्यासाठी.

मी नोकरीची बरीच वर्षं ट्रेलर आणि अवजड वाहनांच्या दुरुस्तीत काढली आहेत. घोड्यांचा ट्रेलर वरून कुजत नाही, मॅटच्या खाली कुजतो. मूत्र आणि लिदीचं पाणी कडेने आत झिरपतं आणि मॅट त्याला वाळू देत नाही. लाकूड असेल तर ते मऊ पडतं. ॲल्युमिनियमचा तळ असता तरी सुटका नव्हती, मूत्राने त्यालाही खड्डे पडतात. वरून सगळं ठणठणीत दिसतं. आणि त्यावर चार टापांवर पाचशे किलोचं जनावर उभं असतं, तेही हलत, तोल सावरत. चालत्या ट्रेलरचा तळ फुटून घोड्याचा पाय रस्त्यावर गेला, की पुढे काय होतं ते मी लिहीत नाही.

एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घे आणि प्रत्येक फळीला, विशेषतः टोकांना आणि मागच्या पायांच्या जागी, जोर लावून टोच. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. मग ट्रेलरखाली झोपून फळ्या ज्या लोखंडी आडव्या तुळयांवर बसल्या आहेत त्या बघ. वरचा गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर चालत नाही.

टायरच्या कडेवर DOT च्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते मला कळव. नक्षी किती उरली आहे ते सांगू नकोस, ट्रेलरच्या टायरची नक्षी झिजतच नाही. तो उभा राहून, उन्हाने मरतो.

— काका

---

उत्तर: वापरलेला ट्रेलर विकणे आहे

काका,

आज दुपारी मॅट काढल्या. एकेक मॅट इतकी जड की मी आणि मुलगा दोघं मिळून ओढत होतो. 11 वर्षांत मी त्या वर्षातून एकदा उचलून धुवायची, पण गेली तीन वर्षं पाठीमुळे ते राहिलं होतं. वरूनच पाणी मारायची. म्हणजे नेमकं जे करू नये तेच मी करत होते, वरून मारलेलं पाणी खाली जाऊन साठत होतं.

डाव्या बाजूच्या दोन फळ्या मागच्या टोकाला गेल्या आहेत. रंग थोडा काळपट, एवढंच. हाताने दाबलं तर काही कळलं नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. तांबडी नेहमी डावीकडे उभी राहायची. तिचे मागचे पाय बरोबर तिथेच यायचे.

तिला शेवटचं डॉक्टरांकडे नेलं त्याला फार महिने झालेले नाहीत. जाता-येता मिळून दोन तास ती त्या फळ्यांवर उभी होती. मी ट्रेलरमध्येच खाली बसले आणि बराच वेळ उठवलं नाही.

टायरवर 3114 आहे, म्हणजे 2014 चा 31 वा आठवडा. नक्षी नव्यासारखी आहे. कडेला, रिमच्या जवळ, केसासारख्या बारीक भेगा आहेत. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची बॅटरीही मेलेली निघाली. त्या स्विचची पिन ओढून पाहिली तर ब्रेक लागलेच नाहीत.

फोटो काढले नाहीत. 'आहे त्या स्थितीत' असं लिहून हा ट्रेलर कुणाला देणं मला जमणार नाही. दादांनी सल्ला चांगल्या मनाने दिला आहे, आणि गाडी किंवा बोट असती तर मी तो ऐकलाही असता. गाडी विकत घेणारा स्वतः गाडीत बसतो. इथे घेणारा पुढे गाडीत असतो आणि मागे जे उभं असतं त्याला कुणी विचारलेलं नसतं.

---

उत्तर: वापरलेला ट्रेलर विकणे आहे

ताई, पटलं. तरी एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं की दोन फळ्या कुजल्या आहेत, टायर जुने आहेत, आणि किंमत तेवढी कमी केली, तर ते प्रामाणिकच झालं ना? दुरुस्ती घेणारा करील.

---

उत्तर: वापरलेला ट्रेलर विकणे आहे

दादा, प्रामाणिक नक्की झालं. जो स्वतः सुतारकाम, वेल्डिंग करतो त्याला मी तसा देईनही. पण स्वस्त ट्रेलर बघायला कोण येतं, ते मी आमच्या तबेल्यात पाहिलं आहे. पहिल्यांदाच घोडा घेतलेलं कुटुंब येतं. सगळे पैसे घोड्यात आणि खोगिरात गेलेले असतात. "पुढच्या महिन्यात फळ्या बदलू" म्हणतात, आणि पुढच्या रविवारी स्पर्धा असते.

म्हणून मीच करून घेते आहे. खर्च परत येणार नाही हे धरूनच.

---

उत्तर: काम झालं

मंडळी,

तीन आठवडे लागले. दोनच नव्हे, सगळ्याच फळ्या काढल्या, कारण काढल्याशिवाय तुळया दिसत नव्हत्या. एका तुळईला पापुद्रे होते, ती बदलली. बाकीच्या तारेच्या ब्रशने घासून त्यांना गंजरोधक प्रायमर दिला. नव्या फळ्या दीड इंच जाडीच्या आहेत आणि दोन फळ्यांमध्ये पाणी निघून जाईल एवढी फट ठेवली आहे. फट ठेवायचं काकांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. सुतार पहिल्यांदा घट्ट बसवणार होता, त्याला तेच नीटनेटकं वाटत होतं.

चारही टायर नवे, ट्रेलरसाठीच बनवलेले. गाडीचे टायर स्वस्त पडले असते, पण त्यांच्या कडा मऊ असतात आणि भरलेला ट्रेलर डोलतो. चाकांची बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरलं. हे दर वर्षी करायचं काम आहे, ट्रेलर फार फिरला नसला तरी. स्विचची बॅटरी नवी. दिवे सगळे लागतात.

कागद पूर्ण आहेत, सांगाड्यावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतो. जुन्या फळ्यांचे फोटोही जोडले आहेत. ज्याला बघायला यायचं असेल त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन यावं आणि हवं तिथे टोचावं.

जाता जाता: बाहेरच्या जाहिरातीवर पहिलंच उत्तर आलं ते एका गृहस्थांचं. ट्रेलर न बघताच घेतो, किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे मी त्यांच्या वाहतूकदाराला द्यावेत. असा चेक काही दिवसांनी न वटता परत येतो, आणि तोवर वाहतूकदाराला दिलेले पैसे आपले गेलेले असतात. यादीत कुणीही काहीही विकत असाल तर हे लक्षात ठेवा. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याशिवाय कागदावर सही करायची नाही.

---

उत्तर: काम झालं

ताई, नमस्कार.

आम्हाला ट्रेलर हवा आहे. मुलीने या वर्षी पहिला घोडा घेतला, आणि तुम्ही वर लिहिलंय ते कुटुंब आमचंच असावं इतकं जुळतं. आमच्या गाडीची ओढण्याची मर्यादा 2,000 किलो आहे. चालेल का?

---

उत्तर: काम झालं

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

एका घोड्यासाठी चालेल. ट्रेलर 1,100, घोडा 500, खोगीर-लगाम, पाणी, वैरण मिळून आणखी शंभर. झाले 1,700. मैत्रिणीचा घोडा बरोबर घेतलात की 2,200, आणि तिथे गाडी कमी पडते. ओढायला नव्हे, थांबवायला. मुलगी एक दिवस नक्की विचारेल, "बाबा, तिचाही घेऊ या ना." तेव्हा नाही म्हणायची तयारी असेल तरच घ्या. गाडीच्या पुस्तकात हिचवर (गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) किती भार चालतो तेही वेगळं दिलेलं असतं, ते बघा. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून लावता यावेत म्हणून गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्यावा लागेल.

हिचवरच्या बॉलचं, म्हणजे ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर बसतो त्याचं, माप मोजल्याशिवाय ट्रेलर जोडू नका. माझ्या ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारं पुढचं तोंड) 2 5/16 इंची बॉलचा आहे. तो 2 इंची बॉलवर बसतो, खटका लागल्यासारखाही वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो. मी माझा बॉल ट्रेलरबरोबरच देते आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

एकटा घोडा असेल तेव्हा तो चालकाच्या बाजूला उभा करायचा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, वजन उंच बाजूला राहिलेलं बरं.

आता हे मुलीला समोर बसवून सांगा. ट्रेलर गाडीला जोडल्याशिवाय घोडा आत घ्यायचा नाही, नाहीतर मागच्या वजनाने ट्रेलर पुढून वर उचलला जातो. घोडा आत गेला की आधी मागचा दांडा लावायचा, मगच पुढे दावं बांधायचं. उतरवताना बरोबर उलट: आधी दावं सोडायचं, मग मागचा दांडा काढायचा. हा क्रम एकदाही चुकता कामा नये. बांधलेल्या घोड्याला मागे मोकळं मिळालं की तो मागे सरकतो. दावं ताणलं, मोरखी मानेत रुतली की घाबरतो आणि सगळं अंग मागे फेकतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने रॅम्प उघडला आणि घाईत दावं सोडायच्या आधीच दांडाही काढला. घोडा वाचला, पण त्यानंतर दोन वर्षं तो कुठल्याच ट्रेलरजवळ गेला नाही.

दावं फार आखूड नको. लांबच्या प्रवासात घोड्याला डोकं खाली नेता आलं पाहिजे. धूळ आत जाते, ती मान खाली घालून फुरफुरल्यानेच बाहेर पडते. डोकं तासन् तास वर बांधून ठेवलं तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून थंडीतसुद्धा झरोके उघडे ठेवा. घोड्याला गारठ्यापेक्षा कोंदट हवेचा त्रास जास्त होतो.

शनिवारी या. काकाही येणार आहेत.

---

उत्तर: काम झालं

ताई, काका,

ट्रेलर घरी नीट पोचला. मुलीने वाटेत दोनदा थांबायला लावून साखळ्या आणि चाकांचे नट तपासले, काकांनी शिकवलं तसं.

काल घोडा पहिल्यांदा चढवला. चाळीस मिनिटं तो रॅम्पच्या खालच्या टोकाशी उभा होता. मग मुलीला आठवलं, तुम्ही म्हणाला होतात की बाहेरच्या उजेडातून त्याला आत नुसती काळी गुहा दिसते. तिने पुढचं दार आणि झरोके उघडले, पार्टिशन एका बाजूला सरकवलं, आणि आत उजेड पडला. त्याने मान लांब करून फळ्यांचा वास घेतला. नवं लाकूड आहे ना. मग एक पाय, मग दुसरा. आत जाऊन उभा राहिला, जाळीतलं गवत खाल्लं. आम्ही दांडा लावला नाही, कुठे नेलंही नाही. पाच मिनिटांनी शांतपणे उतरवला. आज पुन्हा तेच केलं.

एक विचारायचं होतं, पार्टिशनची खालची पिन आमच्याकडे दिसत नाही. तुमच्याकडे राहिली का?

---

उत्तर: काम झालं

पिन सापडली, तांबडीच्या खरार्‍याच्या डब्यात होती. रविवारी घेऊन येते.

तेव्हा मॅट उचलून ठेवा, तळ वाळला आहे का ते बघू.