झाडतोडीच्या कामासाठी बूट: चार माणसांसाठी कोणते घ्यावेत?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ बाबांचं झाडतोडीचं काम आहे. शाळा-सोसायट्यांमधली धोकादायक झाडं, घरावर आलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या, कधी परवानगी निघालेली सागाची पाडणी. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे खूप दिवस काम चाललं, तेव्हापासून दोन पेट्रोल मशीन (चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत) आहेत.

बाबा आणि तीन गडी. बाबा सोडले तर बाकी सगळे चपलेत. मागच्या महिन्यात फणसाचा ओंडका उतारावरून घरंगळला आणि आमच्या एका दादांच्या उजव्या पायाची दोन बोटं मोडली. भेटायला गेले तेव्हा त्यांची त्या दिवशीची चप्पल दारातच होती. एक पट्टा तुटलेला, सुतळीने बांधलेला. रोज डोळ्यांसमोर असूनही मी ती कधी नीट बघितली नव्हती. आता पायात बूट असल्याशिवाय मशीन चालू होणार नाही, असं बाबांना सांगितलंय आणि ते कबूल आहेत.

दोन वर्षांपूर्वी बाबांना सेफ्टी शूज आणले होते, एका पावसाळ्यात त्यांचा तळ सुटला. पुन्हा तसं नको. जोडीमागे अडीच-तीन हजार जमतील. काम लाल मातीत, उतारावर, बऱ्याचदा ओल्यात. काय बघून घ्यावं?

घाटमाथा
पावसाळी कामाला स्टील टोचे (पुढे बोटांवर पोलादी टोपी असलेले) गमबूट घ्या. आमच्या शेतावर तेच वापरतो. धुतले की स्वच्छ, पाणी आत नाही, आणि फुरसं-घोणस यांच्यापासूनही बराच बचाव होतो.

निवृत्त_सेफ्टीवाला
चाकणच्या कारखान्यात २२ वर्षं सुरक्षा विभागात होतो, बूट खरेदी माझ्याकडेच असायची. त्यातून सांगतो.

ताई, बुटावर आयएसआय खूण आणि तिच्यासोबत आयएस १५२९८ (भाग २) हा आकडा बघा. भाग २ म्हणजे २०० जूलचा टो. चाचणीत २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून टोवर टाकतात. शिवाय दीड टनाच्या आसपासचा दाब देऊन बघतात. भाग ३ मध्ये धक्क्याची क्षमता निम्मी, १०० जूल. भाग ४ मध्ये टो संरक्षण नसतंच. दुकानात तिन्ही ‘सेफ्टी शूज’ म्हणूनच विकले जातात, त्यामुळे आकडा स्वतः वाचा. खुणेजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच खात्री करता येते.

दादांच्या पायात असा बूट असता तर बोटं वाचण्याची शक्यता खूप होती. मात्र टो फक्त बोटांपुरता. ओंडका पायाच्या वरच्या भागावर आला तर टोचा उपयोग नाही. आणि एकदा टोवर जबर मार बसला की वरून ठीक दिसला तरी तो जोड बाद करायचा.

तळ सुटण्याबद्दल: तुमच्या बुटांचा सोल बहुतेक पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं फोमसारखं प्लास्टिक) असणार. पीयू हलका आणि मऊ, पण दमट हवेत वर्षानुवर्षांनी त्याची घडणच मोडते. न वापरता खोक्यात ठेवला तरीसुद्धा. आमच्या स्टोअरमधला पाच वर्षं पडून राहिलेला जोड एकाने घातला आणि दुपारपर्यंत सोलचे बिस्किटासारखे तुकडे पडले. तेव्हापासून बनवल्याचा महिना-वर्ष पाहिल्याशिवाय माल घेतला नाही. तुम्हीही जिभेवर किंवा सोलवर तो शोधा. कोकणातल्या हवेला नायट्राइल रबराचा सोल बरा. जड आणि थोडा महाग, पण ओल्यात, चिखलात पकड देतो आणि टिकतो.

फ्रायबुर्गकर
वरचं सगळं पटलं, पण सगळ्यात मोठा धोका अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहितोय. मी मूळचा सांगलीचा, इथे जर्मनीत सात वर्षं झाडांचंच काम करतो.

साधा सेफ्टी बूट चेनसॉची साखळी अडवत नाही. टो स्टीलचा असतो, पण त्याच्या मागे घोट्यापर्यंत नुसतं चामडं असतं. पूर्ण वेगातली साखळी त्यातून कशी जाते हे मी एकदा प्रशिक्षणात पाहिलं. रिकाम्या जुन्या बुटावर मशीन टेकवलं. आवाजसुद्धा बदलला नाही आणि जीभ आरपार झाली.

चेनसॉसाठीच्या बुटात पुढच्या भागात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे बाहेर खेचले जातात, साखळी फिरवणाऱ्या चक्रात गुंडाळतात आणि साखळी अडकून थांबते. त्याचं मानक ईएन आयएसओ १७२४९. बुटावर ढालीत चेनसॉचं चित्र असतं. वर्ग १ ची चाचणी साखळीच्या २० मीटर प्रतिसेकंद वेगाला, वर्ग २ ची २४ ला, वर्ग ३ ची २८ ला. ही पूर्ण हमी नव्हे, पाय मागे घ्यायला क्षणभर मिळतो इतकंच. तो क्षण फार मोलाचा असतो.

आणि डावा पाय जपा. मशीन सगळी उजव्या हाताच्या हिशेबाने बनवलेली, त्यामुळे पाडलेल्या झाडाच्या फांद्या साफ करताना पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) निसटली तर ती डाव्या पायाकडे येते. खोडाच्या डाव्या बाजूला उभं राहून खोड पाय आणि मशीनच्या मध्ये ठेवायचं, आणि एक पाऊल जरी हलायचं असलं तरी आधी साखळीचा ब्रेक लावायचा. इथे पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं.

घाटमाथा, गमबुटातही चेनसॉचे वेगळे येतात, ते ओल्यात उत्तम. पण साध्या गमबुटात घोटा मोकळा हलतो. उतारावर ओंडका ढकलताना पाय आतल्या आत फिरला की मुरगळलाच.

वाशिष्ठीकाठ
फ्रायबुर्गकर दादा, वाचून हात गार पडले. पुण्यात एका डीलरला फोन केला. ते चेनसॉचे बूट मागवून देतात, पण एका जोडीचा भाव आमच्या चार जोड्यांच्या बजेटपेक्षा जास्त. एवढे आत्ता खरंच जमणार नाहीत. मग काय करावं?

जुना_बागवान
ताई, मी पुणे परिसरात झाडं उतरवण्याची कामं घेतो, हाच हिशेब मलाही करावा लागला होता. चार माणसं आहेत, पण मशीन एका वेळी किती चालतात? दोन. मग चेनसॉचं संरक्षण आधी त्या दोघांना. बाकीचे दोर धरतात, ओंडके ओढतात, फांद्या गोळा करतात. त्यांना भाग २ चा चांगला बूट पुरतो, मात्र चालू मशीनपासून लांब राहण्याचा नियम कडक हवा.

मशीनवाल्या दोघांना भाग २ चा उंच बूट, वर चेनसॉचे गेटर. नडगी ते पाऊल झाकणारं वेष्टण, आत तसेच धागे. त्याचं मानक वेगळं, ईएन आयएसओ ११३९३-५. बुटापेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि माणूस बदलला तरी दुसऱ्याला बांधता येतात. पट्टे रोज नीट आवळा. सैल गेटर फिरला की धाग्यांची बाजू पोटरीकडे जाते आणि पुढे काहीच उरत नाही. मांडीसाठी चॅप्सही लागतील, पण पायापासून सुरुवात करताय ते योग्यच आहे.

धागे एकदा कापले गेले की गेटर बाद. सुई-दोऱ्याने शिवून पुन्हा वापरायचा नाही, कारण शिवणीत धागे अडकले तर ते बाहेर खेचले जाणार नाहीत.

बूट निवडताना टाच बघा. टाचेला सोलपासून उभी कड हवी. सपाट सोल उतारावर ब्रेक देत नाही. झाडावर लोखंडी काटे बांधून चढत असतील तर सोल कडक हवा, मऊ सोलमध्ये तासाभरात तळपाय ठणकतो. (काटे फक्त पाडायच्या झाडाला. छाटायच्या झाडाला जखमा करू नका.) माडावर चढणाऱ्या पाडेल्याला मात्र बुटाचा आग्रह करू नका. त्याची पकड अनवाणी पायातच असते, त्याला दोर आणि पट्टा द्या.

आणखी एक. बुटावर विजेचं काही चिन्ह दिसलं म्हणून तारेजवळ कुणी फांदीला हात लावायचा नाही. महावितरणकडून लाइन बंद झाल्याशिवाय काम नाही.

कोल्हापूर_बूटदुरुस्ती
मापाबद्दल कुणीच लिहिलं नाही. आपल्या लोकांचा पाय पुढे रुंद असतो, त्यात आयुष्यभर चपलेत वावरलेल्या माणसाची बोटं आणखी पसरलेली. नंबर बरोबर असूनही स्टील टो करंगळीला चावतो, मग माणूस दोन दिवसांत बूट कोपऱ्यात टाकून परत चप्पल घालतो. म्हणून चौघांनाही दुकानात घेऊन जा. संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. जाड मोजे घालून बघा. जिना उतरताना बोटं टोला आदळली तर एक नंबर मोठा घ्या.

सोल नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, तेही बघा. शिवलेल्याला पुढे नवा सोल बसवता येतो.

ओले झाले तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, चामडं कडक होऊन वाकतं तिथे फुटतं. आतलं अस्तर काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा, तासाभराने कागद बदला. वाळल्यावर मेण. खोबरेल तेल चोपडू नका, चामडं लिबलिबीत होऊन आकार सोडतं.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघांना घेऊन गेले. मोडलेल्या बोटांचे दादाही आले, एका पायाचं माप घेतलं.

पहिल्या दुकानात दाखवलेल्या जोडीवर भाग ४ निघाला. दुकानदारांनाही ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दुकानात भाग २, नायट्राइल सोल, घोट्याच्या वर जाणारे मिळाले, चार महिन्यांपूर्वी बनवलेले. परवाना क्रमांक अ‍ॅपवर तपासला. जोडी २,४०० ला. गेटरचे दोन जोड त्याच पुण्याच्या डीलरकडे सांगितलेत. ते येईपर्यंत मशीन बंद, कोयता आणि हातकरवतीने होईल तेवढंच काम.

एक प्रश्न राहिला. बाबा मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत उजव्या बुटाचं टोक दाबून चालू करतात. नवा टो लहान मशीनच्या मुठीत शिरतच नाही.

फ्रायबुर्गकर
रुंद टोला ही अडचण येतेच. मग मशीनची मागची मूठ दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट धरायची, डावा हात पुढच्या मुठीवर ताठ, साखळीचा ब्रेक लावलेला, आणि उजव्या हाताने दोरी ओढायची. एका हाताने लटकवून, खाली सोडत ओढायची नाही. मोठ्या मशीनला बुटाचीच पद्धत ठेवा, त्याची मूठ मोठी असते. आणि दादांचं प्लास्टर निघालं की नवे बूट त्यांना आठवडाभर घरीच घालून फिरू द्या, मग कामावर.