अनुभव: मुरमाच्या वाटेवर लांबचा सायकलप्रवास

परसदार:
गॅरेज आवरताना सायकलची जुनी पिशवी सापडली. झटकली तर वाळक्या चिखलाचे पापुद्रे पडले. २०१८ चा पाऊस! पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन डीसी, आम्ही दोघं, आठ दिवस.

पहिले १५० मैल, कंबरलंडपर्यंत, जुन्या रेल्वेमार्गावरून. बारीक खडी इतकी छान दाबलेली की चढ डोळ्यांना दिसतच नाही, मांड्यांना कळतो. पुढे सीअँडओ (चेसापीक अँड ओहायो) या जुन्या कालव्याकाठची १८४.५ मैलांची वाट. खेचरं नावा ओढत चालायची ती. पावसात तिथे नुसता राडा. मडगार्डात चिखल नि पानं अशी गच्च बसली की चाक फिरेना. नवरा दर अर्ध्या तासाने काटकीने कोरत बसायचा, दात कोरावेत तसा. कालव्याच्या पॉ पॉ बोगद्यात ३,११८ फूट अंधार, सायकल ढकलत न्यायची. कठड्याला नावांचे दोर घासून पडलेल्या खाचा हाताला लागत होत्या. मुक्कामाला हातपंप, पाण्याला आयोडीनचा वास. चहासुद्धा दवाखान्यातला वाटायचा.

तुमचेही लिहा.

खडखडाट: व्हिटॅमिन सी ची गोळी टाकायची ना, आयोडीनची चव जाते. अर्थात आता काय उपयोग म्हणा

नीराकाठ: आमचा नीरा डावा कालवा! दहावीच्या सुट्टीत नीरेहून बारामतीला आत्याकडे, कालव्याकडच्या मुरमाच्या रस्त्याने. ॲटलास, पुढच्या दांडीवर धाकटा भाऊ. पंक्चर झाली ती बाभळीच्या काट्याने, एकदा नाही, तीनदा. शेवटी टायरमध्ये गवत कोंबून गेलो. आत्याने आधी झापलं, मग पिठलं टाकलं.

भाकरवडी: गवत?? चालतं?

नीराकाठ: चालतं कसलं, रखडतं. रिम वाकडी झाली, ती बाबांना दिवाळीपर्यंत सांगितली नाही

उगाचच: बोगद्यात समोरून दुसरी नाव आली तर?

परसदार: एकाच नावेपुरती जागा. एकदा दोन नावाडी कोण मागे जाणार यावरून कित्येक दिवस हटून बसले होते, अशी गोष्ट सांगतात.

उगाचच: म्हणजे रविवारी संध्याकाळचा ताम्हिणी 😂

लालमाती: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला आलो, फेरीने वेश्वी. उतरून पुढे कुणीतरी "शॉर्टकट" सांगितला. जांभ्याची सुटी खडी, उतार, मी पुढचा ब्रेक दाबला. कोपराचा डाग अजून आहे. एक आजी आल्या, जखम धुतली, हळद दाबली, वर "एवढे पैसे असून यष्टीने का नाय येत गो?" उत्तर सुचलं नाही. शिट्टी झाली

भाकरवडी: वाटेत खायला काय नेता सगळे? मी दशम्या. दुधात भिजवलेल्या, तीन दिवस टिकतात.

खडखडाट: आमच्याकडे गूळशेंगदाणा लाडू. एनर्जी बारचे बाप.

नीराकाठ: दशमीबरोबर लसणाची चटणी हवी. पण डबा घट्ट लावा, माझ्या सगळ्या बनियनांना वर्षभर वास होता

उगाचच: @परसदार, पिशवी विकायची आहे का?

परसदार: धुऊन की चिखलासकट?