मदत हवी आहे: रेडिएशनचे शेक घेतल्यावर जिभेची चव कधी परत येते?

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बाबांना गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, रेडिएशनचे शेक सगळं आटोपलं. पण जीभ लाल, गुळगुळीत झाली आहे. झुणका-भाकर पुढे ठेवली की म्हणतात, "माती चावल्यासारखं लागते."

चवीच्या पेशी साधारण 10 दिवसांत मरतात, खालच्या स्टेम सेल नव्या घडवत राहतात. शेकाचा मार सतत विभागणाऱ्या या पेशींवरच बसतो. बहुतेकांची चव काही महिन्यांत सुधारते, हे कळलं. पण तोवर माणूस जेवणार कसा? लाळ सुटत नाही, तिखट झोंबतं, वजन उतरतच चाललंय.

ज्यांच्या घरी हे झालं त्यांनी कृपया सांगा, काय खाऊ घातलं? आधी कोणती चव कळायला लागली? आणि खर्रा पुन्हा मागतात, तेव्हा काय करायचं?