लिनक्स मिंटवर स्टीमचा गेम सुरूच होत नाही, प्ले दाबलं की परत प्ले! (मदत हवी आहे)

घाटमाथा
नमस्कार. तीन रात्री यात गेल्या, आता डोकं चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझा लॅपटॉप ११ घेत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं मस्त चालतंय. पण स्टीममध्ये (गेम घेऊन चालवायचं ॲप) विचर ३ या गेमचं हिरवं प्ले दाबलं की बटण निळं होऊन 'स्टॉप' दिसतं, चार-पाच सेकंद जातात आणि परत हिरवं 'प्ले'. काळी विंडो नाही, एरर नाही, काहीच नाही. प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीममधलं साधन) सगळ्या आवृत्त्या लावून पाहिल्या. रविवारी धाकटा भाऊ येतोय, दोघांनी मिळून अर्धा सोडलेला गेम आहे. कृपया लवकर सांगा.

टर्मिनलवाला
ग्राफिक्स कार्ड कोणतं? ड्रायव्हर कोणता? स्टीम कुठून टाकलं? गेम कुठल्या डिस्कवर आहे? एवढं सांगितल्याशिवाय कुणालाही काही सांगता येणार नाही.

कोल्हापुरी_पेंग्विन
भावा, मिंटचा नाद सोड. बझाईट टाक, गेमसाठीचं लिनक्स आहे. फेडोरा लिनक्सवर बांधलंय, स्टीम आधीपासून आत असतं, ड्रायव्हर आत असतो. मी सहा महिने वापरतोय, टर्मिनल उघडायची वेळ आली नाही.

घाटमाथा
आय५ ७३००एचक्यू, जीटीएक्स १०५०, ८ जीबी रॅम. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जो रेकमेंडेड होता तोच टाकलाय. स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. आत्ताच सगळं बसवलंय, परत दुसरी ओएस टाकायची ताकद नाही हो.

चकवाचांदण
सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोनदा दिसतं, एक फ्लॅटपॅक (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) आणि एक सिस्टिम पॅकेज. फ्लॅटपॅक घेतलं असेल तर त्याला होम फोल्डरबाहेरच्या डिस्कवर हात लावायची परवानगीच नसते. फ्लॅटसील हे परवानग्या देणारं ॲप टाका, स्टीम निवडा, त्या डिस्कचा पत्ता द्या. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

टर्मिनलवाला
परवानगी नसती तर स्टीमला तो गेम दिसलाच नसता. यांना प्ले बटण दिसतंय.

चकवाचांदण
दिसतो पण चालत नाही असंही होतं. मी स्वतः अनुभवलंय. फ्लॅटपॅक काढून सरळ डेब, म्हणजे सिस्टिम पॅकेज, टाकली की निम्मे त्रास संपतात.

कोल्हापुरी_पेंग्विन
फ्लॅटपॅकला नावं ठेवू नका. माझे सगळे ॲप तेच आहेत.

मुक्तछंद
मुळात एक सांगतो, राग मानू नका. विंडोज सोडलंत हे फार चांगलं केलंत, पण स्टीम हे बंदिस्त सॉफ्टवेअरच आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प १९८३ मध्ये जाहीर झाला तो याच कारणासाठी, की आपल्या मशीनवर काय चालतंय ते आपल्याला वाचता आणि बदलता यावं. झीरो एडी खेळून पाहा. प्राचीन काळातल्या राज्यांचा डावपेचांचा गेम आहे, पूर्ण मुक्त, फुकट, आणि त्यात मौर्यही आहेत, हत्तींसकट. दोघा भावांना एकमेकांविरुद्ध खेळता येईल. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तर एकाच लॅपटॉपवर स्क्रीन विभागून खेळता येतो. माझ्या मुली दर शनिवारी खेळतात.

घाटमाथा
@मुक्तछंद, आभारी आहे, नक्की बघेन. पण मला विचरच हवाय. आम्ही दोघं एकाच खुर्चीत बसून खेळायचो, तो आता पुण्याला असतो.
@चकवाचांदण, सिस्टिम पॅकेजच आहे, आत्ता बघितलं.

निंबोणी
लिनक्सवर आलाच आहात तर प्रायव्हसीचंही बघून घ्या. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये ठेवा, फोनवर एफ-ड्रॉइड या ॲपस्टोअरमधून एजिस घेऊन स्टीमसकट सगळ्या खात्यांचे... नाही, स्टीमचं दुहेरी कुलूप त्यांच्याच ॲपमध्ये असतं, ते सोडून बाकीच्या खात्यांचे लॉगिनचे कोड त्यात ठेवा. एजिसचा बॅकअप मात्र घ्या. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा फक्त त्या एका फाइलमुळे माझी सगळी खाती वाचली.

रात्रपाळी
धाग्यात घुसतोय, माफ करा. व्हॅलोरंट चालतं का हो लिनक्सवर?

टर्मिनलवाला
नाही. त्या गेमचं व्हॅनगार्ड हे अँटीचीट (फसवून खेळणं रोखणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं, ते इथे येत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचं, तेही ऑक्टोबर २०२४ अखेर लिनक्ससाठी बंद केलं. अँटीचीटवाले ऑनलाइन गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघून घ्या. विचर ३ मध्ये असलं काही नाही, म्हणून इथे कारण दुसरं आहे. @घाटमाथा, दुसऱ्यांदा विचारतो, गेम कुठल्या डिस्कवर?

घाटमाथा
१ टीबीच्या हार्ड डिस्कवर, विंडोजच्या वेळचाच. मिंट २४० जीबीच्या एसएसडीवर आहे. पण डिस्कचा प्रॉब्लेम नाही, कारण स्टारड्यू व्हॅली त्याच डिस्कवरून चालतो. काल दोन तास खेळलो.

कोल्हापुरी_पेंग्विन
मग सोपं आहे की. विचर उडव आणि एसएसडीवर परत डाऊनलोड कर. चल, तासाभरात काम.

घाटमाथा
आमच्याकडे फायबर नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी मिळतं. गेम ५० जीबीच्या वर आहे, महिना जाईल. हा गेम मी पुण्यात भावाच्या खोलीवर बसून उतरवला होता. एसएसडीवर ३० जीबीच शिल्लक आहे, त्यामुळे स्टीमच्या स्टोरेजमधून तिकडे हलवताही येत नाही.

टर्मिनलवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता चित्र दिसतंय. स्टारड्यूची लिनक्स आवृत्ती आहे, त्याला प्रोटॉन लागत नाही. विचरला लागतं. म्हणजे डिस्क वाचता येतेय, अडतंय ते प्रोटॉन आणि ती डिस्क यांच्यामध्ये. डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमध्येच असणार.

आता एक करा. स्टीम पूर्ण बंद करा, ट्रेमधूनही. टर्मिनल उघडून इंग्रजीत स्टीम एवढंच लिहा आणि एंटर. स्टीम उघडलं की विचरचं प्ले दाबा आणि टर्मिनलमध्ये शेवटी काय उमटतं ते वाचा. 'पीएफएक्स' शब्द असलेली ओळ शोधा.

घाटमाथा
सापडली!! 'वाइन:' मग डिस्कचा लांबलचक पत्ता, त्यात कॉम्पॅटडेटा, शेवटी पीएफएक्स, आणि पुढे 'इज नॉट ओन्ड बाय यू'. माझा लॅपटॉप, माझी डिस्क, मग माझं नाही म्हणजे काय?

टर्मिनलवाला
ही डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एफस्टॅब या फाइलमध्ये काही लिहिलं होतं का?

घाटमाथा
हो. दर वेळी फाइल मॅनेजरमध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करावं लागायचं, नाहीतर स्टीमला गेम दिसायचे नाहीत. एका व्हिडिओत सांगितलं तशी ओळ टाकली. ते सांगायचं राहिलं, कारण तेव्हापासून डिस्क व्यवस्थित दिसतेय.

टर्मिनलवाला
तेच कारण. एनटीएफएसमध्ये लिनक्सची मालकी नोंदलेली नसते, म्हणून डिस्क जोडणाऱ्याला मालक धरलं जातं. तुम्ही क्लिक करून उघडायचात तेव्हा मालक तुम्ही होता. एफस्टॅबमधून बूट होताना जोडली जाते तेव्हा मालक रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य खातं. वाचायची-लिहायची मुभा सगळ्यांना असते, म्हणून स्टारड्यू चालतो, स्टीमही तक्रार करत नाही. प्रोटॉनच्या पोटात मात्र वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं. प्रत्येक गेमसाठी ते विंडोजसारखं दिसणारं एक छोटं घर बांधतं, तेच पीएफएक्स. ते घर आपल्या मालकीचं नसेल तर वाइन आत पाऊलच टाकत नाही. तुमचे चार-पाच सेकंद तिथे जातात.

एफस्टॅबमधल्या त्या ओळीत जिथे 'डिफॉल्ट्स' लिहिलंय त्याच्या पुढे स्वल्पविराम देऊन यूआयडी=१०००, जीआयडी=१००० आणि नोफेल टाका. यूआयडी-जीआयडी म्हणजे खात्याचा आणि गटाचा क्रमांक. मध्ये कुठेही स्पेस नको, आकडे इंग्रजीत. नोफेल विसरू नका, नाहीतर ती डिस्क कधी जोडली गेली नाही तर मिंट बूट होताना काळ्या पडद्यावर अडकेल. जुन्या फाइलची प्रत आधी काढून ठेवा.

सह्यकडा
ही मलमपट्टी झाली. गेमची डिस्क लिनक्सच्या एक्स्ट४ फॉरमॅटमध्येच हवी. वाइनच्या त्या घरात 'सी:' आणि 'झेड:' नावाच्या लिंक असतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ती कोलनची खूण चालत नाही, त्यामुळे उद्या कुणी ही डिस्क विंडोजला जोडून तपासणी लावली तर त्या फाइल खराब धरल्या जातील. डिस्क रिकामी करा, फॉरमॅट करा, कायमचं सुटा.

टर्मिनलवाला
रिकामी करून ठेवणार कुठे? त्यांच्याकडे ३० जीबी शिल्लक आहे आणि दिवसाला दीड जीबी नेट. स्टीमच्या वाल्व्ह कंपनीने प्रोटॉनच्या विकीवर एनटीएफएससाठी हाच उपाय दिलाय. शिवाय पीएफएक्स ज्यात असतं ते कॉम्पॅटडेटा फोल्डर एसएसडीवर ठेवून डिस्कवर त्याची लिंक ठेवा असंही सांगितलंय, म्हणजे तुमचा कोलनचा मुद्दाही मिटतो. ते फोल्डर गेमइतकं मोठं नसतं, बसेल एसएसडीवर.

सह्यकडा
लिंकचा उपाय मान्य. पण जमेल तेव्हा एक्स्ट४ करा हे माझं मत कायम आहे. माझे दोन वर्षांचे फोटो अशाच दोन्हीकडे वापरलेल्या डिस्कवर गेलेत, म्हणून इतकं जोर देऊन सांगतोय.

कोल्हापुरी_पेंग्विन
बझाईटवर...

टर्मिनलवाला
बझाईटवरही हीच डिस्क, हीच ओळ आणि हाच एरर आला असता. शिवाय जीटीएक्स १०५० साठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे. ज्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) नवा ड्रायव्हर आपोआप येतो तिथे या कार्डवाल्यांनी जपून जावं. मिंटवर आहेत ते बरं आहे.

घाटमाथा
केलं. तीनदा वाचून टाइप केलं, रीस्टार्ट केला, डिस्क दिसतेय, स्टारड्यू चालतोय. विचर परत तसाच. टर्मिनलमध्येही तीच ओळ, नॉट ओन्ड बाय यू. आता मात्र रडकुंडीला आलोय.

टर्मिनलवाला
ओळ जशीच्या तशी इथे टाका बघू.

शेवगा
इतका वेळ नुसती वाचत होते. १००० हा मिंट बसवताना बनलेल्या पहिल्या खात्याचा क्रमांक असतो. तुमच्या लॅपटॉपवर एकापेक्षा जास्त खाती आहेत का? टर्मिनलमध्ये इंग्रजीत आयडी लिहून एंटर करा, सुरुवातीलाच तुमचा खरा यूआयडी येईल. आमच्या घरी पहिलं खातं सासऱ्यांचं आहे, माझ्या बाहेरच्या डिस्कला हेच झालं होतं. अख्खा रविवार गेला होता.

घाटमाथा
अहो ताई... मिंट टाकलं ते आक्काच्या नावाने. ती बीएडचा अभ्यास यावरच करते, तिचं खातं पहिलं. माझं नंतर बनवलं. आयडीमध्ये १००१ आलंय.

टर्मिनलवाला
मग दोन्ही आकडे १००१ करा. हे मी आधी विचारायला हवं होतं, माझी चूक. @शेवगा, धन्यवाद.

सह्यकडा
आणि आक्कांच्या खात्यातून गेम खेळणार असाल तर तिथे परत हाच एरर येईल. म्हणून कॉम्पॅटडेटाची लिंक करायचीच असेल तर आधी ठरवा कोणाच्या खात्यातून खेळायचं.

घाटमाथा
आक्का गेम खेळत नाही, तिची परीक्षा आहे. माझंच खातं.

घाटमाथा
चालला!!!! आधी शेडर (ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होताना बराच वेळ पट्टी सरकत होती, मला वाटलं परत अडकला. मग लोगो आला आणि आवाजही. सेव्ह क्लाउडवरून आले, आम्ही जिथे सोडला होता तिथेच घोड्यावर उभा आहे. ग्राफिक्स मध्यमवर ठेवलंय, अडकत नाही. मी अजून एक पाऊलही पुढे टाकलेलं नाही, भाऊ आला की टाकू. टर्मिनलवाला, शेवगा ताई, सह्यकडा, सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्पॅटडेटाची लिंक उद्या करतो, काही अडलं तर इथेच विचारतो.

शेवगा
लिंक करायच्या आधी स्टीम बंद करा, आणि फोल्डर कट न करता कॉपी करा. गेम परत चालतोय हे बघितल्यावरच जुनं फोल्डर काढा.

रात्रपाळी
मी आज मिंट टाकलं. माझीपण डिस्क एनटीएफएस आहे, पण एफस्टॅबमध्ये काही लिहिलेलं नाही आणि तरी गेम चालू होत नाही. काय करू?

टर्मिनलवाला
नवा धागा काढा. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, स्टीम कुठून टाकलं आणि टर्मिनलमधली शेवटची ओळ, एवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा. विंडोज अजून ठेवलं असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद आहे का तेही बघा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती जोडली जाते.