रिगात घरच्या घरी लीगो कसा करायचा?

प्रश्न: लाटवियात, रिगात फ्लॅटमधे राहतो, यंदा २३ जूनची लीगोची (इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाची) रात्र जुन्या रीतीने घरीच जागवायची फार इच्छा आहे, पण त्या रात्रीची शेकोटी कुठे पेटवणार?

उत्तर १: बाल्कनीत काचेच्या बरणीत मेणबत्त्या लावा, सूर्य उगवेपर्यंत विझू द्यायच्या नाहीत आणि झोपायचंही नाही, तेच मुख्य. पुरुषांना ओकच्या पानांचा मुकुट, बायकांना रानफुलांचा. सगळं डोम चौकातल्या सणाआधीच्या बाजारात मिळतं.

उत्तर २: शहाजिरं घातलेलं चीज मात्र घरीच करा!! गरम दुधात क्वार्क (दह्याच्या चक्क्यासारखं मऊ चीज) घालून फाटलं की गाळायचं, मग लोणी, अंडं, शहाजिरं घालून मंद आचेवर घोटायचं आणि फडक्यात बांधून दाबायचं, पनीर येतं त्याला जमतंच.

उत्तर ३: आणि सणाची गाणी गा हो, ओळीओळीला 'लीगो लीगो'. सोव्हिएत काळात सणावर बंदी आली तरी लोक गातच राहिले, माझ्या लाटवियन सासूबाई अजून डोळ्यात पाणी आणून सांगतात.